हापूसची बाग कोयीतल्या भुंग्यापासून मुक्त कशी करायची आणि तशीच कशी ठेवायची

पाच हेक्टरच्या बागेतले ३०० आंबे कापले आणि एकाही कोयीत अळी निघाली नाही. मग बाग कीडमुक्त झाली का? अजून नाही. ती फळं कुठल्या कलमांची होती, कोणत्या तारखेला उतरवली, कापली कोणी, दगडी गडग्यापलीकडच्या रायवळाखाली (गावठी आंब्याखाली) काय पडलं होतं आणि मागच्या जूनमध्ये बागेत बाठे (सुट्या कोयी) कुठून आले, हे सगळं वहीत असेल तरच त्या ३०० फळांना पुरावा म्हणून किंमत आहे. नाहीतर ३०० आंबे वाया गेले, एवढंच.

निर्यातीच्या भाषेत ‘कीडमुक्त’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली त्यासाठी मानकं ठरली आहेत. १९९५ चं मानक क्रमांक ४ अख्ख्या प्रदेशासाठी आहे. १९९९ चं क्रमांक १० एखादी बाग किंवा बागेचा वेगळा सांभाळलेला तुकडा कीडमुक्त ठरवण्यासाठी आहे. तालुका कीडमुक्त करणं एकट्या बागायतदाराच्या हातात नाही, पण क्रमांक १० चा रस्ता त्याला खुला आहे. घोषणा मात्र तो करू शकत नाही. भारतात तो अधिकार फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण, विलगवास (क्वारंटाइन) व साठवण संचालनालयाकडे आहे. आपलं काम हद्द आखायची, हद्दीच्या आत कीड येऊ द्यायची नाही, आणि ती आली नाही हे दाखवता येईल अशी नोंद ठेवायची.

आधी कीड निवडा

सगळ्याच किडींपासून बाग मुक्त करता येत नाही, आणि तसं कोणी मागतही नाही. कीडमुक्ती नेहमी एका ठरावीक किडीपासून असते. आंब्यात हा प्रयोग करायचा तर कोयीतला भुंगा (कोयकिडाही म्हणतात) सगळ्यात सोयीचा, आणि त्याला कारणं आहेत. तो फक्त आंब्यावर जगतो. वर्षाला त्याची एकच पिढी होते. उडण्यात तो अगदी आळशी आहे. एका बागेतून दुसऱ्या बागेत तो स्वतःच्या पंखांवर क्वचितच जातो. त्याला नेतो तो माणूस, फळातून किंवा बाठ्यातून.

त्याचं चक्र पाठ असल्याशिवाय पुढचं एकही काम वेळेवर होत नाही. भुंगा साधारण ८ मिलिमीटर लांब, गडद तपकिरी, वर फिकट ठिपके आणि पुढे वाकडी सोंड. दिवसा लपतो, रात्री फिरतो, हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. पावसाळ्यापासून मोहोरापर्यंत तो सालीच्या भेगांत, फांद्यांच्या बेचक्यांत, ढोल्यांत आणि बुंध्याजवळच्या पाचोळ्यात बसून असतो. मोहोर आला की वर चढतो. फळ गोटीएवढं झाल्यापासून मादी सालीवर होडीच्या आकाराचा बारीक खड्डा करून त्यात एक अंडं घालते आणि शेजारी चंद्रकोरीसारखी बारीक चीर देते. चिरेतून चीक ओघळून वाळतो आणि अंडं झाकलं जातं. आठवड्याभरात अळी बाहेर येते आणि गरातून सरळ कोयीत शिरते. फळ वाढत जातं तशी तिची वाट बुजते, म्हणून पिकलेल्या आंब्यावर बाहेरून काहीही दिसत नाही. कोष कोयीतच होतो. फळ गळून पडल्यावर महिना-दोन महिन्यांत भुंगा बाठा कोरून बाहेर पडतो आणि पुन्हा सालीत जाऊन बसतो. काही भुंगे दोन वर्षंही जगतात. त्यामुळे एका हंगामात फळ धरलं नाही म्हणून बाग आपोआप साफ होत नाही.

कोय उष्णतेपासून किडीला जपते. फळमाशीसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटांची जी प्रक्रिया करतात, तिच्यावर कोयीतल्या भुंग्यासाठी भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला २००७ पासून किमान ४०० ग्रे मात्रेचं विकिरण देतात. लासलगावच्या केंद्रापासून त्याची सुरुवात झाली. विकिरण नको असेल आणि आयातदार देशाला कोयीतल्या भुंग्याची धास्ती असेल, तर कीडमुक्त बाग हाच पर्याय उरतो.

हद्द

नकाशा हाताने काढला तरी चालतो, पण प्रत्येक कलमाला क्रमांक हवा आणि तो झाडावरही हवा. पत्र्याचा बिल्ला तारेने फांदीला सैल बांधा. खोडात खिळा ठोकू नका. खिळ्याभोवती साल फुगून भेग पडते आणि आपणच भुंग्याला घर करून देतो.

१० × १० मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १०० कलमं बसतात. पाच हेक्टरचे दोन-तीन तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्याची तोडणी, क्रेट आणि नोंद वेगळी ठेवा. एका तुकड्यात कीड निघाली तर बाकीचे वाचवायचा हा एकच मार्ग आहे. तुकडे कागदावर वेगळे आणि आढी एकच, असं असेल तर सगळी बाग एकच तुकडा धरली जाते, आणि ते योग्यच आहे.

गडगा म्हणजे मालकीची हद्द. किडीची हद्द वेगळी. गडग्यापलीकडच्या रायवळाची फांदी आपल्या कलमाच्या फांदीला टेकत असेल, तर भुंग्याच्या लेखी तिथे हद्दच नाही. म्हणून बागेभोवती संरक्षक पट्टा धरावा लागतो. त्याची रुंदी आयातदार देशाच्या अटी पाहून संचालनालय ठरवतं, पण ती ठरायच्या आधीही तीन कामं करता येतात: एकमेकांत शिरलेल्या फांद्या छाटणं, पट्ट्यातलं आंब्याचं प्रत्येक झाड नकाशावर चढवणं, आणि त्या झाडांची गळ उचलायची लेखी परवानगी शेजाऱ्याकडून घेणं. बहुतेक प्रयत्न याच परवानगीवर अडतात. रायवळाला बाजारात भाव नसतो, त्यामुळे त्याखालचा पडीचा आंबा उचलायला कोणाला वेळ नसतो, आणि पुढच्या वर्षीचे भुंगे नेमके तिथेच तयार होतात. परवानगी मागताना उचलण्याची मजुरी आपण देऊ, हे आधीच सांगा.

बेटांवर हे काम सोपं जातं. फिलिपिन्सच्या गिमारास बेटाने कोयीतल्या आणि गरातल्या भुंग्यापासून मुक्त असा दर्जा मिळवला. तिथे जाणाऱ्या पाहुण्याला बाहेरचा आंबा घेऊन धक्क्यावर उतरता येत नाही. आपल्याकडे समुद्राचं काम बागेच्या फाटकाला करावं लागतं.

फाटकातून काय आत येतं

सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे रोपवाटिकेसाठी आणलेले बाठे. कोकणात कोय कलमं बांधायला रायवळाच्या कोयी लागतात आणि मे-जूनमध्ये त्या कॅनिंगच्या कारखान्यांतून पोत्यांनी मिळतात. एका पोत्यात कुठकुठल्या गावांचे बाठे असतात ते कोणालाच सांगता येत नाही. भुंगे बाहेर पडेपर्यंत थांबून मग पेरू म्हटलं, तर तोवर कोयीची उगवण गेलेली असते. उपाय एकच आहे आणि तो कष्टाचा आहे: कडक कवच सोलून आतला गर बघायचा आणि निरोगी गरच पेरायचा. कवच काढल्याने उगवणही लवकर होते. काढलेली कवचं आणि किडलेला गर त्याच दिवशी जाळायचा. पोतंसुद्धा झटकून परत वापरू नका, उकळत्या पाण्यातून काढा.

विकत आणलेल्या कलमाच्या पिशवीतला बाठा बुंध्याशी उकरून पाहता येतो. त्याला गोल भोक असेल तर त्यातून भुंगा बाहेर पडून गेला आहे, आणि तो बहुधा त्याच लॉटमधल्या एखाद्या पिशवीत बसला आहे. असा लॉट परत करा. चांगला लॉटही एक हंगाम बागेबाहेर ठेवून मगच आत न्या.

बाकीच्या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण कीड आली तर याच वाटांनी येते. मजुरांच्या डब्यातला आंबा, बाजारातून परतलेले रिकामे क्रेट आणि त्यांच्या तळाला चिकटलेला बाठा, पाहुण्यांनी पिशवीतून आणलेली पायरी. फाटकाशी झाकणाचा डबा ठेवा, बाहेरचा आंबा तिथेच खाऊन बाठा डब्यात टाकायचा, आणि डबा रोज रिकामा करायचा. क्रेट आत यायच्या आधी उलटे करून धुवायचे.

वर्षभराचं काम

जून-जुलैमध्ये बागेत एकही बाठा उरता कामा नये. गवतात लपलेले बाठे बेणणीच्या वेळी सापडतात, तेव्हा बेणणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला पिशवी हवी. गोळा केलेले बाठे किमान दोन फूट खोल पुरा आणि वरची माती चोपून घट्ट करा. उथळ पुरलेल्या बाठ्यातून भुंगा वर येतो. कातळावर दोन फूट खड्डा होत नाही. तिथे बाठे उकळून काढणं किंवा भट्टीत जाळणं बरं. जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात टाकायची युक्ती एप्रिल-मेमध्ये चालते. मृग लागल्यावर ती सोडून द्या. ढगाळ हवेत पिशवी तापत नाही, आणि कुजून फाटली की आतलं सगळं बागेत पसरतं.

पावसाळा संपला की खोडं बघा. सुटलेली साल, शेवाळ, बांडगुळाच्या गाठी काढा. ढोल्या साफ करून बुजवा. झाडाखाली पांढरी चादर अंथरून फांद्यांच्या बेचक्यांवर लाकडी दांडक्याने ठोकलं की भुंगे आखडून खाली पडतात. रंगाने ते सालीसारखेच, पण चादरीवर लगेच दिसतात. बुंध्याभोवतीचा पाचोळा ओढून जाळा किंवा दूर खड्ड्यात कुजवा.

फवारणीच्या वेळा दोन: मोहोर फुटताना खोड आणि जाड फांद्यांवर, कारण तेव्हा भुंगे वर चढत असतात, आणि फळ गोटीएवढं असताना फळांवर. औषधाचं नाव आणि प्रमाण इथे मुद्दाम देत नाही. आंब्यावर मान्यता असलेली औषधं बदलत राहतात आणि आयातदार देशाची अवशेष मर्यादा वेगळीच असते. डब्यावरचं लेबल, कृषी विद्यापीठाचं त्या वर्षीचं वेळापत्रक आणि निर्यातदाराची यादी, तिन्हींत बसेल तेच वापरा. अळी कोयीत शिरली की कुठलंही औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. मार्चमध्ये मोठ्या कैरीवर ‘भुंग्यासाठी’ मारलेलं औषध म्हणजे पैसे खर्चून विकत घेतलेले अवशेष.

कागदी पिशव्या फळमाशीसाठी आणि रंगासाठी उत्तम, पण त्या साधारण अंड्याएवढ्या फळावर चढवतात. भुंगा त्याआधीच अंडं घालून गेलेला असू शकतो. पिशवी घातलेलं फळ कीडमुक्त धरून ते तपासणीतून वगळू नका.

फळं कापणं

आकडा ३०० च का? बागेत शंभरात एक फळ किडलेलं आहे असं धरा. तरीही अंदाजाने उचललेली ३०० ची ३०० फळं स्वच्छ निघण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के उरते. म्हणजे ३०० स्वच्छ फळांवरून ‘प्रादुर्भाव १ टक्क्याहून कमी’ असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. अर्ध्या टक्क्यासाठी ६०० फळं लागतात, हजारात एकासाठी सुमारे ३,०००. आयातदार देशाने कोणती पातळी मागितली आहे ते बघून आकडा ठरवा, आणि तो प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा धरा.

हे गणित फळं खरोखर अंदाजाने घेतली तरच खरं. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात दिला की तोडणारा चांगली, हाताशी येणारी फळं काढतो, आणि ३०० फळं दहा कलमांवरून पुरी होतात. तसं नको. १०० कलमांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढा, प्रत्येकावरून ३ फळं घ्या: एक शेंड्याकडचं, एक मधल्या फांदीवरचं, एक आतलं. गडग्यालगतची कलमं आणि पडीची फळं यांची गणती वेगळी करा. कीड पहिल्यांदा सापडते ती बहुतेक तिथेच.

पहिली फेरी कोय टणक होण्याआधी. तेव्हा कैरी विळीवर आडवी धरली की कोयीसकट एका झटक्यात कापली जाते, आणि ३०० फळं दोघांनी एका सकाळी होतात. दुसरी फेरी तोडणीच्या वेळी. आता कोय टणक असते. गर काढून बाठा गोणपाटात धरायचा, पातळ कडेवर कोयत्याचं पातं ठेवून वरून लाकडाने ठोकायचं. सपाट बाजूवर घाव घातला तर कोयता घसरतो आणि हात कापतो, शिवाय आतला गर चेचला जाऊन अळी ओळखू येत नाही.

कोयीतला निरोगी गर दुधी आणि घट्ट असतो. किडलेल्या गरात काळसर भुसा, बोगदा आणि पांढरी, वाकडी, बिनपायांची, तपकिरी डोक्याची अळी असते, किंवा कोष, किंवा तयार भुंगा. अळीला पाय असतील आणि अंगावर लाल पट्टे असतील तर ती या भुंग्याची नाही. पूर्वेकडच्या राज्यांत कोय खाणारी एक पतंगाची अळी आहे, तिची ती खूण. आणि हापूसमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे साक्याला कीड समजणं. साक्यात कोयीभोवतीचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस होतो, पण कोयीत भोक नसतं, भुसा नसतो. साका वहीत वेगळ्या रकान्यात लिहा.

तिसरी तपासणी फार थोडे लोक करतात. तोडणीनंतर प्रत्येक तुकड्यातले २०० बाठे धुऊन, तारेच्या जाळीने बंद केलेल्या क्रेटमध्ये सावलीत ठेवा. जाळी खिडकीची, तारेचीच हवी. नायलॉनची कुरतडली जाते. जुलैअखेरपर्यंत दर आठवड्याला बघा, आणि शेवटी सगळे बाठे फोडा. कापताना नजरेतून सुटलेली कीड इथे सापडते.

वही

एक नोंद अशी दिसते: १४ एप्रिल, तुकडा २, कलम ४७, फळं ३, कोयी कापल्या ३, अळी ०, कोष ०, भुंगा ०, साका १, गळ २, अळी ०, कापणाऱ्याची सही. काही सापडलं नाही तर शून्य लिहा, रेघ मारू नका. रेघेचा अर्थ ‘बघितलंच नाही’ असाही होतो, आणि तपासणीला आलेला अधिकारी तोच अर्थ घेतो. मागाहून एका बैठकीत भरलेली वही एकाच शाईने आणि एकाच अक्षराने ओळखू येते. बाठ्यांची विल्हेवाट, क्रेट धुणं, फवारणी, आत आलेली कलमं आणि शेजारच्या रायवळाखालची सफाई याच वहीत तारखेनिशी हवी.

एक जरी अळी सापडली तरी फेकू नका. स्पिरिटच्या बाटलीत घालून तारीख, तुकडा आणि कलम लिहा. त्या तुकड्याचा माल कीडमुक्त म्हणून पाठवणं त्याच दिवशी थांबवा आणि विलगवास अधिकाऱ्याला कळवा. मग सापडलेल्या कलमाची आणि भोवतालच्या आठही कलमांची फळं जास्त संख्येने कापा. प्रादुर्भाव एकाच कोपऱ्यात आहे की पसरला आहे, यावरून तो बाहेरून आला की आत मुरलेला होता याचा अंदाज येतो. तो माल देशातल्या बाजारात विकायला हरकत नाही. भुंगा कोयीत असतो, गर खाण्याजोगा राहतो. फक्त बाठे बागेकडे परत येऊ देऊ नका. दर्जा परत कधी मिळणार ते संचालनालय ठरवतं, आणि भुंगा दोन वर्षं जगतो हे लक्षात घेता घाई करून उपयोग नसतो.

फळमाशीला हे लागू नाही

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा थांबवला तो फळमाशीमुळे, आणि बंदी उठली २०१५ च्या सुरुवातीला. तेव्हापासून ‘फळमाशीमुक्त बाग’ हा शब्द ऐकू येतो. तो जपून वापरा. फळमाशी पेरू, चिकू अशा कितीतरी फळांवर वाढते, वर्षात तिच्या अनेक पिढ्या होतात आणि ती लांबवर उडते. गडग्याच्या आत तिला शून्यावर आणून ठेवता येत नाही. कोकणात पदरात पडेल असं उद्दिष्ट म्हणजे कमी प्रादुर्भावाचं क्षेत्र, आणि तेही वाडीने किंवा गावाने मिळून. एकट्याने सापळे लावले तर आजूबाजूचे नर तुमच्याकडे जमतात. माद्या तशाच राहतात, कारण सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाला फक्त नरच येतात.

कोकण कृषी विद्यापीठाचे ‘रक्षक’ सापळे हेक्टरी ४ लावतात. सावलीत, डोक्याएवढ्या उंचीवर, फळांपासून थोडे दूर. दर आठवड्याला माशा मोजा आणि एका सापळ्यात एका दिवसाला किती, ते काढा. १२ सापळ्यांत ७ दिवसांत ८४ माशा म्हणजे ८४ भागिले (१२ गुणिले ७), बरोबर १. एवढा आकडा असताना कमी प्रादुर्भावाची भाषा करू नका, ०.१ च्या आसपास उतरला की तिला अर्थ येतो. आकडा अचानक शून्यावर आला तर आनंद मानायच्या आधी सापळा उघडून बघा. आमिष वाळलेलं असतं, नाहीतर मुंग्यांनी मेलेल्या माशा ओढून नेलेल्या असतात. टांगायच्या तारेला बोटभर ग्रीस लावलं की मुंग्या थांबतात. ग्रीसवर धूळ बसते, म्हणून दर मोजणीला ते पुसून नवं लावायचं.